येतो म्हणणारी बाई

माझ्या पहिल्या मुलाखतीआधी आमच्या घरात आठवडाभर एकाच गोष्टीची चर्चा चालली होती, ती म्हणजे माझं तोंड. तोंड म्हणजे चेहरा नव्हे. चेहऱ्याचं जे व्हायचं ते जन्मतःच होऊन गेलं होतं. त्या तोंडातून ऐन वेळी काय बाहेर पडेल, याची सगळ्यांना धास्ती.

वडील फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्या मते माणसाची पारख पायापासून सुरू होते, म्हणून माझ्या साध्या काळ्या सँडलला ते रोज संध्याकाळी पॉलिश मारत बसायचे. आई म्हणायची, "आत गेल्यावर लय हासू नगंस. आन् व्हय व्हय करू नगंस, हो म्हन." पुण्यात कंपनीत असलेला चुलतभाऊ मोबाईलवर कसले कसले व्हिडिओ पाठवायचा. त्यात एक कोट घातलेला माणूस सांगायचा की, समोरचा तुमच्याबद्दलचं मत पापणी लवायच्या आत बनवून टाकतो. एवढ्यात मत बनत असेल तर पुढचा अर्धा तास मुलाखत कशाला घेतात, ते काही त्या बाबानं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मी शिकले होते स्पीच थेरपी. लकवा मारल्यावर ज्यांची वाचा जाते त्यांना पुन्हा बोलतं करायचं, तोतरं बोलणारी पोरं असतात त्यांना शिकवायचं, हे आमचं काम. वडील आमच्या गावात, आष्ट्यात, सगळ्यांना सांगत सुटले होते, "पोरगी बोलायची डॉक्टर झाली." त्यावर शेजारचे आजोबा म्हणाले, "बोलायला काय डाक्टर लागतोय व्हय? आमच्या घरात गप बसवायचा डाक्टर पायजे." आजोबांचं काही चूक नव्हतं. त्यांच्या घरात सुना तीन आणि भिंती पातळ.

आता मूळ दुखणं सांगते. आमच्याकडे, म्हणजे आष्टा, शिराळा आणि खाली कोल्हापूरपर्यंत, बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी येतो' म्हणतात. मी आलो, मी जेवलो, मी बाजारात गेलो हुतो. बाकी सगळं जिथल्या तिथं असतं. सून येती, म्हैस दूध देती, लाइट जाती. फक्त 'मी' म्हटलं की क्रियापद पुरुषाचं. कुणी शिकवत नाही, कुणाला खटकत नाही. आपण असं बोलतो हे सुद्धा कुणाच्या ध्यानात नसतं. मला ते कळलं पुण्याच्या होस्टेलवर. पहिल्याच दिवशी खोलीचं दार ढकलून मी म्हणाले, "मी आलो गं," तर आतली पोरगी दचकून उठली आणि ओढणी शोधायला लागली. "कोण आला? कोण आला?" मग जे हसू उसळलं ते पूर्ण सेमिस्टर पुरलं. मी जेवायला बसले की कुणीतरी म्हणायचंच, "दादाला वाढा रे."

मग शिकले. न शिकून सांगता कुणाला! आरशासमोर उभी राहून येते, जाते, बसते, उठते घोकलं. शिकता शिकता ते तोंडात बसलंही. आता लिहिताना मी 'गेले' लिहिते, कामावर 'गेले' म्हणते, फोनवर अनोळखी माणसाशी 'गेले' म्हणते. फक्त संताप आला की सगळं पुणं उतरतं आणि मी 'येतो'वर येते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा पीळ. आईला धास्ती होती ती त्याचीच. "काय बी झालं तरी चिडू नगंस," असं ती मला बसस्टँडवर सोडायला येतानाही सांगत होती. पण अशा सूचना ऐकून माणूस चिडेल नाहीतर काय करेल?

मुलाखत सांगलीत होती. लकव्याच्या पेशंटसाठी नवीनच निघालेलं उपचार केंद्र. काचेचं दार, गार फरशी, कुंडीत खोटी झाडं. आत दोघं बसले होते. एक तिथल्या मुख्य मॅडम. त्या पुण्याहून आलेल्या, कामात हुशार, बोलायला सरळ, डोळ्यांत बघून प्रश्न विचारणाऱ्या. दुसरे मॅनेजर. त्यांच्या गळ्यात टाय आणि तोंडात 'फर्स्ट इम्प्रेशन'. मी खुर्चीत बसायच्या आतच ते म्हणाले, "आमच्या सेंटरमध्ये फर्स्ट इम्प्रेशनला फार महत्त्व आहे. पेशंट दारातून आत आला की त्याला वाटलं पाहिजे, आपण योग्य ठिकाणी आलो." मी म्हणाले, "निश्चितच." आयुष्यात त्याआधी मी 'निश्चितच' हा शब्द कधी वापरला नव्हता. तो कुठून आला देव जाणे.

पण मुलाखत झकास चालली होती. मॅडमनी मेंदूबद्दल विचारलं, ते मला येत होतं. पेशंट चिडला तर काय कराल विचारलं, तेही जमलं. मी हसले पण लय हसले नाही. व्हय म्हटलं नाही. सँडलकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. शेवटी मॅनेजर खूश होऊन म्हणाले, "तुमची भाषा छान आहे हं. आष्ट्याच्या वाटत नाही तुम्ही."

मी थँक्यू म्हणाले. आपल्या गावचे वाटत नाही असं कुणी तोंडावर सांगतं आणि आपण थँक्यू म्हणतो! त्या थँक्यूचा मला अजून राग येतो.

मग मॅडम म्हणाल्या, "आता थोडं प्रत्यक्ष काम बघू. एक पेशंट बाहेर थांबल्यात. त्यांच्याशी बोला आणि तुम्हाला काय दिसतं ते मला सांगा." त्यांनी माहिती दिली ती अशी. बाई शिराळ्याकडच्या एका खेड्यातल्या, एस.टी.त कंडक्टर. पावसाळ्यात लकव्याचा झटका आला, तेव्हा वाचा पूर्ण गेली होती. आता हात चालतो, पाय चालतो, बोलणंही जवळजवळ सगळं परत आलं आहे. पुन्हा ड्युटीवर जायचं तर बोलणं पूर्ववत झाल्याचं सर्टिफिकेट मॅडमनी द्यायला हवं, नाहीतर बाईंना घरी बसावं लागणार. "पण मी ते अजून दिलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "एक चूक काही केल्या जात नाही. स्वतःबद्दल बोलताना त्या पुरुषी क्रियापद वापरतात. मी येतो, मी करतो. किती सराव घेतला! दर वेळी तीच चूक. मेंदूत अजून कुठंतरी गडबड आहे. उद्या भरल्या गाडीत काही भलतंच बोलल्या तर जबाबदारी कुणाची?"

म्हटलं, झालं. आता आपलं घोडं इथंच पेंड खाणार.

थेरपीच्या खोलीत मावशी सुनेबरोबर बसल्या होत्या. चांगल्या उंच्यापुऱ्या, रुंद हाडाच्या. ही बाई गाडीत नुसती उभी राहिली तरी मागच्या दारातली पोरं पुढं सरकत असतील, असा बांधा. पण खुर्चीत अगदी अंग चोरून बसलेल्या, शाळेत वर्गाबाहेर बसवल्यासारख्या. सून नवीन साडी नेसून खुर्चीच्या कडेवर टेकलेली. मॅडम आणि मॅनेजर दोघंही माझ्या मागं येऊन उभे राहिले.

मी म्हणाले, "नमस्कार मावशी. कशा आहात?"

मावशींनी आधी मॅडमकडं बघितलं. मग चिखलातनं पाय उचलून टाकावा तसा एकेक शब्द टाकत म्हणाल्या, "मी... बरी... आहे."

"घरी दिवसभर काय काय करता?"

"सकाळी मी उठतो..." त्या थांबल्या. तोंड उघडं तसंच राहिलं. "उठते. उठते. मी उठते. मग मी चुलीपाशी जातो..." आणि त्यांनी स्वतःच्या मांडीवर फाडदिशी चापट मारून घेतली. "जाते! जाते गं बाई, जाते!" मग मॅडमकडं वळून, "माफ करा बाई. जाईनाच झालंय ह्ये डोक्यातनं."

मला तिथंच उठून ओरडावंसं वाटलं. पण आईचे शब्द आठवले, चुलतभावाचा कोटवाला आठवला, आणि मी आवाज गोड ठेवून पुढं विचारत राहिले. सून काय करती? "सून सयपाक करती." म्हैस? "म्हैस गाभण हाय, आटलीया." मालक? "त्ये रानात जात्यात." शेजारीण? "ती काय करतीया, दिसभर आमच्याच घरात असती." सगळं बिनचूक. बाई कुठंही पुरुष होत नव्हती, पुरुष कुठं बाई होत नव्हता. मग मी विचारलं, "नागपंचमीला गाडीला गर्दी असती न्हवं शिराळ्याला?" तशी त्या जराशा सरळ बसल्या.

"गर्दी म्हंजी? पाय ठिवायला जागा नसती. पोरं दाराला लटाकलेली, म्हाताऱ्या माणसाला कोण जागा देईना. मग मी मागनं आवाज टाकतो..."

पुन्हा तेच. त्या शब्दावर आल्या की गाडी बंद. हात मांडीकडं गेला, तो मी धरला.

मी मॅडमकडं वळले. अजून माझा आवाज गोडच होता. "मॅडम, मला वाटतं ही चूक नाही. इथल्या बायका असंच बोलतात. दुसऱ्यांबद्दल बोलताना त्या एकदाही चुकल्या नाहीत, बघा. फक्त 'मी' म्हणताना तसं म्हणतात. ही बोली आहे."

मॅनेजर हसले. "असं कसं? मी सांगलीत दोन वर्षं आहे. एकही बाई असं बोलताना ऐकली नाही."

अहो, तुमच्या टायसमोर कोण बोलेल! पण ते मनात. तोंडानं मी म्हणाले, "ऐकली असेल सर, लक्षात आलं नसेल."

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खरोखर विचार केला, आणि तेच मला जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "मला पटवून द्या. आमची रिसेप्शनवरची मुलगी मिरजेची आहे, ती 'येते' म्हणते. इथल्या आया इथल्याच आहेत, त्या माझ्याशी बोलताना 'येते' म्हणतात. पेशंटची सून त्यांच्याच घरातली, ती 'येते' म्हणते. तुम्ही स्वतः आष्ट्याच्या, तुम्ही गेला तासभर 'येते' म्हणताय. सगळ्या बायका नीट बोलतात आणि ह्या एकट्याच असं बोलतात. मग मी काय समजायचं?"

मॅडमचा मला तेव्हा राग आला नाही. राग आला तो आमचा. आम्हा समद्यांचा. मॅडमनी वर्षभर ज्यांच्या ज्यांच्या तोंडाकडं बघितलं, त्या प्रत्येकीनं दारातून आत येताना आपलं तोंड चपलेसारखं बाहेर काढून ठेवलं होतं. रिसेप्शनवालीनं, आयांनी, मी. चांगली छाप पाडायची ना! पाडली. इतकी चांगली पाडली की खरं बोलणारी एकटी मावशी, तीच आजारी ठरली.

मी सुनेकडं गेले. "ताई, तुम्ही घरी कसं बोलता ते मॅडमना सांगा बरं."

सून ताठ झाली. पदर सारखा केला. परीक्षेत तोंडी प्रश्न आल्यावर होतो तसा तिचा चेहरा झाला. "आम्ही घरात शुद्धच बोलते," ती म्हणाली.

"अहो ताई, खरं सांगा. घाबरू नका."

"खरंच. आम्ही सर्वजण शुद्ध बोलते. मॅडमनी सांगितलं आहे ना, आईंच्या कानावर सगळं बरोबर पडलं पाहिजे म्हणून. तेव्हापासून आमच्या घरात कोणीही बाई चुकीचं बोलत नाही. शेजारच्या काकूसुद्धा आमच्याकडे आल्या की 'येते' म्हणते."

हे ऐकून मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. मॅडमनी घरच्यांना अभ्यास दिला होता, आणि घरच्यांनी तो इमानेइतबारे केला होता. सून, जाऊ, शेजारीण, सगळ्याजणी मावशींच्या समोर कंबर कसून येते-जाते करत होत्या. चुकून कुणाचं 'येतो' निघालंच तर जीभ चावत होत्या. आणि ती बिचारी मधे बसून ऐकत होती.

"बघा की बाई," मावशी मला समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "समद्या नीट बोलत्यात. माझंच तेवढं बिघाडलंय."

"काय बिघाडलं न्हाई वो मावशी!" माझा आवाज चढला. "तुमी पयल्यापास्नं अशाच बोलत असणार. आठवा की जरा!"

"व्हय, माझी ल्येक बी असंच म्हनती फोनवर. मला बरं वाटावं म्हनून बोलत्यात समदी. दुखणेकऱ्याला कोन खरं सांगतंय?"

झालं. तिथं माझा सुंभ जळला.

"आवं मी सांगतो न्हवं तुमास्नी!" मी ओरडलेच. "कायबी झालं न्हाई तुमाला! मी बी अशीच बोलतो! आष्ट्याची हाय मी! आमची आई बी बोलती, चुलती बी बोलती, समद्या बोलत्यात! मी काय येडी म्हनून सांगतोय व्हय मघाधरनं!"

मागं मॅनेजरांच्या हातातलं पेन खाली पडलं आणि कुणी उचललं नाही. म्हटलं, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वडिलांचं पॉलिश गेलं, आईचे उपदेश गेले, होस्टेलचा आरसा गेला.

मावशी माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तुला बी झटका आलता व्हय गं बाळ?" त्या म्हणाल्या. "एवढ्याशा वयात?"

मी कपाळावर हात मारून घेतला. अक्षरशः मारून घेतला, लाल झालं असेल. आणि त्या माझी समजूत घालताहेत! "रडू नगंस. मॅडम लय चांगल्या हायती. येळ लागतोय, पर बरं करत्यात."

मॅनेजर खाकरले. "मॅडम, मला वाटतं आपण इथंच थांबू या. कॅंडिडेट जरा भावनिक झाल्यात." मी माझी पर्स उचलली. थांबून तरी काय करणार होते? मावशींना काय सांगायचं ते सुचत नव्हतं, मॅडमना जे सांगायचं ते सांगून झालं होतं. मी दारापर्यंत गेले, आणि सुनेचा फोन वाजला.

ती गडबडली. कट करायला गेली आणि चुकून उचलला. मग भिंतीकडं तोंड करून, पदराआड फोन धरून ती बोलू लागली. तिच्या मते हळू आवाजात, पण रानातून हाका मारायची सवय असलेल्या माणसाचा हळू आवाज तो किती हळू असणार?

"हां, बोला. व्हय, हितंच हाय मी. न्हाई वो अजून. आवं मी मघाच निघालो असतो, पर हितं कोन नवीन बाई आलीया, तिनं नुसता घोळ घातलाय. दूध मी तापवून ठिवलंय, पोरीला पाजा. आन् गार करून द्या, मागच्या टायमाला भाजलं तिला. व्हय, व्हय, येतो की. आलोच मी. सकाळधरनं बसलोय हितं..."

बोलता बोलता ती वळली. आम्ही चौघंही तिच्याकडं बघत होतो. तिनं फोन कानाला तसाच ठेवून घाईनं पदर सारखा केला.

"बसलेय," ती फोनमध्ये म्हणाली.

पलीकडून नवऱ्यानं काहीतरी विचारलं असावं, कारण तिनं डोळे मिटून फोन बंदच करून टाकला. "चुकून आलं मॅडम," ती रडवेली होऊन म्हणाली. "आमी रोज नीट बोलते हो. आईंच्या समोर तर एकदाबी चुकत न्हाई. आज गडबडीत झालं."

मॅडमनी तिला अगदी शांतपणे विचारलं, "तुम्हाला कधी लकवा वगैरे?"

"अगं बाई! न्हाई वो!" सून दोन पावलं मागं सरकली.

मॅडम मग मावशींच्या समोरची खुर्ची ओढून बसल्या. इतका वेळ त्या उभ्या होत्या. म्हणाल्या, "मावशी, झटका यायच्या आधी तुम्ही कसं बोलत होता?"

हा प्रश्न खरं तर पहिल्या दिवशीचा. आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात, आधीचं बोलणं कसं होतं ते घरच्यांना विचारा. मॅडमनी विचारलंही असेल, नाही असं नाही. आणि घरच्यांनी नवीन साडी नेसून सांगितलं असेल, आई शुद्धच बोलत होत्या.

"आधी?" मावशी म्हणाल्या. "आधी कोन ध्यान देतंय बाई बोलन्याकडं? दिसभर गाडीत वराडत हुतो की."

नोकरीचं सांगून टाकते, नाहीतर वाचणारा त्यातच अडकून बसायचा. ती मला मिळाली. मॅनेजर विरोधात होते असं नंतर कळलं, पण फोन मॅडमनी स्वतः केला, आणि पहिल्या दिवशी रिसेप्शनवरच्या पोरीला बोलावून माझ्यादेखत सांगितलं, "आजपासून माझ्याशी घरी बोलतेस तसं बोलायचं." त्या पोरीला घाम फुटला. तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. तिला समजावता समजावता मला आठवडा लागला. आणि माझा चुलतभाऊ अजून लोकांना सांगतो की त्याच्या व्हिडिओंमुळं माझं काम झालं. म्हटलं, असू दे बाबा. प्रत्येकाशी कुठं भांडत बसू?

पण त्या खोलीतलं अजून थोडं राहिलं. मॅडम मावशींना म्हणाल्या, "तुमच्या बोलण्यात काही दोष नाही. सर्टिफिकेट मी आजच देते. तुम्ही कामावर जाऊ शकता."

मला वाटलं मावशी हसतील, नाहीतर रडतील. दोन्ही नाही. त्यांनी सुनेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "म्हंजी मी बरी हाय?"

"हो."

"कवाधरनं?"

मॅडमना खोटं बोलता येत नसे, हे मला पुढं त्यांच्याबरोबर काम करताना कळलं. त्या म्हणाल्या, "दिवाळीपासून तरी नक्की. माझी चूक झाली, मावशी."

तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. मी वाटच बघत होते. म्हटलं, आता ही बाई गाडीतला आवाज काढणार आणि मॅडमना फैलावर घेणार, आणि घ्यावंच तिनं, मी मधे पडणार नाही. पण मावशी मॅडमवर चिडल्याच नाहीत. त्या सुनेला म्हणाल्या, "आन् मी पोरीसंगं बोलायचं बंद केलं हुतं."

"कुठल्या पोरीशी?" मॅडमनी विचारलं.

"नात हाय. आत्ता कुठं बोलायला लागलीया," मावशी म्हणाल्या. "माझं ऐकून तिला बी ह्ये लागंल म्हनून मी तिच्यासंगं बोलतच न्हवतो बाई. ती आजी आजी करत यायची, आन् मी तोंडाला पदर लावून बसायचो."